केशोरीची मिरची आणि एमबीबीएसची व्हायवा

तिखट ही चवच नाही

जीभ गोड, आंबट, खारट, कडू ओळखते. तिखट ओळखायची सोय तिच्या चवीच्या पेशींत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन थेट वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंवर जाऊन बसतं, टीआरपीव्ही-१ नावाच्या रिसेप्टरवर. हा रिसेप्टर एरवी जागा होतो तो ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे खरोखर भाजायची वेळ आली की. कॅप्सेसिन त्याला थंड तोंडातही जागं करतं. मेंदूची खात्री पटते की तोंड भाजलंय, आणि मग घाम, लालबुंद चेहरा, वाहतं नाक असा थंडावा आणायचा सगळा खटाटोप सुरू होतो. पाणी पिऊन काही होत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध-ताक प्यायलं तर त्यातलं केसीन त्याला उचलून नेतं.

केशोरी हे गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्याचं गाव, गडचिरोलीच्या हद्दीजवळचं. धानाचा मुलूख, आणि मिरचीसाठीही नाव असलेला. तिथल्या वाडीतली लालभडक मिरची पोपट मजेत सोलून खातो आणि डोळ्यांत टिपूसही न आणता उडून जातो. पोपटाकडेही टीआरपीव्ही-१ आहे, पण पक्ष्यांचा रिसेप्टर कॅप्सेसिनला जुमानत नाही. मिरचीच्या झाडाला हेच हवं असतं: सस्तन प्राणी बी चावून नासवतात, बरेच पक्षी ते अख्खं गिळून लांब नेऊन टाकतात.

या रिसेप्टरचं जनुक डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधलं आणि २०२१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्याबरोबर विभागून मिळालं. परीक्षेत विचारतात ते मात्र शेपटाचं: नागीण बरी झाल्यावर महिनोन्महिने मागे राहणाऱ्या आगीवर कॅप्सेसिनचंच मलम किंवा पट्टी लावतात. मज्जातंतूला इतकं छळायचं की तो बोलायचंच सोडून देतो.

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला पॅथॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, फार्माकॉलॉजी अशी त्रिमूर्ती समोर उभी असते, आणि रोग कसा घडतो व तपासणीत काय दिसतं याच्या शेकडो जोड्या डोक्यात कोंबाव्या लागतात. पोरं त्या पाठ करतात, परीक्षा झाली की विसरतात. गोंदियात २०१६ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं एवढंच की पुस्तक मिटून जरा केशोरीकडे तोंड करा. धानाची बांधी, बोडी, मामा (माजी मालगुजारी) तलाव, जंगल आणि कुडाची घरं, एवढ्यात निम्मा अभ्यासक्रम मुक्कामाला आहे. उरलेल्यातला बराचसा नागपूर-मुंबईत सापडेल.

केळं दिसलं की फॅल्सिपेरम

मलेरियाच्या स्लाइडवर केळ्याच्या आकाराचा जीव दिसला की उत्तर ठरलेलं: प्लाझमोडियम फॅल्सिपेरम. हे कुणीही झोपेत सांगेल. खरी मजा त्याच्या पुढे आहे. फॅल्सिपेरमच्या रुग्णाच्या बोटातून काढलेल्या रक्तात सहसा दोनच अवस्था दिसतात, कोवळ्या अंगठ्या आणि ही केळी. मधल्या, वाढत्या वयाच्या अवस्था गेल्या कुठे?

त्या दडून बसलेल्या असतात. वाढता वाढता हा परजीवी तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर बारीक गाठी उभ्या करतो. त्या गाठींच्या जोरावर पेशी मेंदू, मूत्रपिंड, आतडं इथल्या केशवाहिन्यांच्या भिंतीला चिकटते. रक्ताबरोबर वाहत राहिली असती तर प्लीहेने तिला गाळून काढलं असतं, चिकटल्यामुळे वाचते. त्यातून होतं काय, तर स्लाइडवर दोन-चार अंगठ्या आणि मेंदूत मात्र दाटीवाटी. जंगलपट्टीतला तापाचा रुग्ण बरळायला लागला तर स्लाइडवरच्या कमी आकड्याने डॉक्टरला धीर येऊ नये, तो यासाठी.

व्हायव्हॅक्सचा स्वभाव निराळा. त्याला फक्त कोवळ्या तांबड्या पेशी आवडतात. त्या रक्तात शेकड्याला एक-दोनच असल्यामुळे त्याची संख्या बेताची राहते. पण तो यकृतात बी पेरून ठेवतो. हे निद्रिस्त जीव महिन्यांनंतर जागे होतात आणि ताप परत येतो. म्हणून व्हायव्हॅक्सला प्रायमाक्विन १४ दिवस, आणि फॅल्सिपेरमला एकच मात्रा, तीही रुग्णासाठी नाही! त्या एका मात्रेने केळी मरतात, आणि केळी मेली की डासाला न्यायला काही उरत नाही. गोळी एकाने खायची आणि वाचायचं शेजाऱ्याने. (प्रायमाक्विन म्हटलं की जी-६-पीडी या विकराची तपासणी म्हणायला विसरलात तर परीक्षक चष्म्यावरून बघतात.)

गावात आशाताई बोटाला सुई टोचून किटवर थेंब टाकते आणि थोड्या वेळात रेघा वाचते. फॅल्सिपेरमची रेघ ज्या प्रथिनामुळे उमटते त्याचं नाव एचआरपी-२. हे प्रथिन भारी चिवट. रोगी बरा होऊन कामाला लागला तरी काही आठवडे रक्तात राहतं. म्हणून मागच्याच महिन्यात औषध घेतलेल्या माणसाची किट पॉझिटिव्ह आली तर लगेच ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणायचं नसतं. तिथे जुन्या पद्धतीची काचपट्टीच कामाची: जाड थेंब परजीवी आहे की नाही ते सांगतो, पातळ पसरट थेंब तो कोणता ते सांगतो.

आता झटपट तीन. एक: सर रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटात परजीवी सापडला, तो हुसेन खान नावाच्या रुग्णाने पैसे घेऊन चावून घेतलेल्या डासांत; भाव डासामागे १ आणा. दोन: व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेग यांनी मेंदूत पोचलेल्या सिफिलिसच्या रुग्णांना मुद्दाम मलेरिया देऊन तापवलं आणि त्यासाठी १९२७ चं नोबेल घेतलं. पेनिसिलिन आलं आणि हा उपचार सुटला, बरंच झालं. तीन: डासांची पाण्याची आवड ठरलेली आहे. मलेरियाच्या ॲनॉफिलिसला बांधीतलं, ओढ्यातलं स्वच्छ पाणी लागतं, हत्तीरोगाच्या क्युलेक्सला गटार, आणि डेंगीच्या एडिसला घरातला रांजण, टायर, कूलर. पाणी दाखवा, रोग ओळखा.

एक अक्षर चुकलं

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक ॲसिड असतं. तिथे व्हॅलीन आलं की सिकलसेल. एवढीशी चूक, पण परिणाम बघा. ग्लुटॅमिक ॲसिड पाण्याशी जमवून घेतं, व्हॅलीन पाण्यापासून पळतं. प्राणवायू सोडला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांबलचक दोऱ्या बनवतात, आणि तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते. फुप्फुसात प्राणवायू मिळाला की परत गोल होते. असं वाकणं-सरळ होणं किती वेळा चालणार? शेवटी ती कायमची वाकडी होते, बारीक नळ्यांत अडकते, आणि अडकली तिथे असह्य कळा येतात.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा पेशींचं पहिलं वर्णन छापलं. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेला एक तरुण. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी हा ‘रेणूचा रोग’ असल्याचं दाखवलं, आणि १९५० च्या दशकात व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमकी चुकलेली जागा शोधली. त्याच दशकात, १९५८ मध्ये, शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापला आणि नागपूरचा पट्टा जगाच्या नकाशावर आला. आज गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे हा रोग इतका घरचा आहे की ‘एएस पॅटर्न’ (वाहक), ‘एसएस पॅटर्न’ (रुग्ण) हे शब्द लग्नाच्या बोलणीत येतात, किंवा यायला हवेत. दोन्हीकडे एएस असेल तर प्रत्येक बाळंतपणात बाळ एसएस निघण्याची शक्यता चारात एक. पहिलं मूल एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब करू नका. फासा दर वेळी नव्याने पडतो.

चाचणी बघण्यासारखी आहे. काचेच्या नळीत द्रावण, त्यात रक्ताचा अगदी थोडा अंश, आणि नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद. द्रावणातलं डायथायोनाइट प्राणवायू काढून घेतं. साधं हिमोग्लोबिन विरघळलेलंच राहतं, मागच्या रेघा स्वच्छ दिसतात. सिकलचं असेल तर ते विरघळत नाही, पाणी गढूळ होतं आणि रेघा नाहीशा होतात. काही मिनिटांत निकाल. पण ही चाचणी एएस आणि एसएस यांत भेद करत नाही. दोघांनाही गढूळच म्हणते. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. हा प्रश्न न विचारणारा परीक्षक मला तरी माहीत नाही.

आणखी एक आवडता प्रश्न: बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत धडधाकट कसं? कारण तोवर त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं, आणि त्यात बीटा साखळीच नसते. ते ओसरलं की हातापायांची बोटं सुजून येतात; हाच अनेकदा पहिला इशारा. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध तेच जुनं, गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. भारतातल्या सिकलसेल रुग्णांत ते मुळातच आफ्रिकेतल्या बऱ्याच रुग्णांपेक्षा जास्त असतं, म्हणून पुस्तकात सांगितल्याप्रमाणे लहानपणीच आक्रसून गेलेली प्लीहा आपल्याकडे कधी कधी मोठेपणीही हाताला लागते. अमेरिकी पुस्तक पाठ केलेला विद्यार्थी तिथे गडबडतो.

इतका त्रासाचा दोष हजारो वर्षं टिकला कसा? मलेरियामुळे. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की एएस माणसाला फॅल्सिपेरम फारसा छळू शकत नाही. परजीवी शिरलेली पेशी लवकर वाकडी होते आणि प्लीहा तिला परजीवीसकट निकालात काढते. दोन्ही रोग नकाशावर एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले दिसतात ते यामुळेच. आणि कळा कधी उठतात? धानाच्या रोवणीचे दिवस आठवा: दिवसभर बांधीतल्या पाण्यात वाकून काम, अंगावर पाऊस, पाणी पिण्याचं भान नाही. थंडी, थकवा आणि शरीरातलं पाणी कमी होणं हीच कळा सुरू करणारी कारणं.

रात्री दहाचं रक्त

पूर्व विदर्भात हत्तीरोग जुना. त्याचं पथक रात्रीचं दार वाजवायचं, आणि लोक वैतागायचे. पण त्याला इलाज नव्हता. वुचेरेरिया बँक्रॉफ्टीची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसा फुप्फुसातल्या बारीक वाहिन्यांत पडून राहतात. रात्री १० ते २ च्या दरम्यान ती अंगभरच्या रक्तात उतरतात. क्युलेक्स डासही त्याच वेळी चावतो. दिवसा रक्त घेतलं तर काचपट्टी कोरी. घाईच असेल तर दिवसाच डीईसी या औषधाची छोटी मात्रा द्यायची, पिल्लं बिथरून बाहेर येतात.

सूक्ष्मदर्शकाखाली पिल्लाच्या शेपटीकडे बघा. टोकाला केंद्रकं नसतील तर बँक्रॉफ्टी, दोन सुटी केंद्रकं असतील तर ब्रुगिया मलायी. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान जिवाच्या शेपटीवरून किती जण नापास झाले असतील कोण जाणे! मोठे किडे मात्र अल्ट्रासाऊंडवर थेट हलताना दिसतात, अंडकोषाच्या लसीकावाहिन्यांत वळवळत. रेडिऑलॉजीत याला ‘फायलेरियाचा नाच’ म्हणतात. या किड्यांच्या पोटात वोल्बॅकिया नावाचे जिवाणू राहतात आणि त्यांच्याशिवाय किड्याचं चालत नाही. म्हणून साधं डॉक्सिसायक्लिन किड्यालाही भारी पडतं.

पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनच्या आमॉय बंदरात आपल्या घरच्या माळ्याला डास चाववून हा किडा डासात वाढताना पाहिला. रोग डासातून माणसाकडे येतो कसा, याचं त्यांचं उत्तर मात्र फसलं. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी आपण पितो, असं त्यांना वाटलं. पुढे याच मॅन्सन यांनी रॉस यांना डासांच्या मागे लावलं.

दोन साप, एकाच फटीचे दोन काठ

मज्जातंतू संपतो आणि स्नायू सुरू होतो तिथे एक अतिसूक्ष्म फट असते. निरोप देणारा अलीकडे, घेणारा पलीकडे. नागाचं विष प्रामुख्याने पलीकडच्या काठावर बसतं. म्हणून निओस्टिग्मिन दिलं की फटीतला निरोप्या, ॲसिटिलकोलीन, वाढतो आणि विषाशी झटापट करून जागा परत मिळवतो. मिटलेल्या पापण्या बघता बघता वर येतात. मण्यारचं विष अलीकडच्या काठावर घाव घालतं, निरोप सुटतो तिथेच. तिथे निओस्टिग्मिन फारसं कामाला येत नाही. टोक नव्याने उगवेपर्यंत दिवसचे दिवस रुग्णाला श्वास पुरवत राहावं लागतं.

मण्यार रात्री हिंडते. जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दाताची खूण बहुधा दिसतही नाही. रुग्ण पहाटे उठतो ते पोटात दुखतंय, घसा आवळतोय म्हणत. साप दिसला नाही, सूज नाही, मग कुणी ओवा देतं, कुणी लिंबू. अशा वेळी पापण्या बघाव्यात. पूर्ण लुळा पडलेला, डोळ्यांच्या बाहुल्याही न हलवणारा हा माणूस आतून जागा असू शकतो आणि खाटेभोवतीचं बोलणं ऐकत असू शकतो. तेव्हा त्याच्या उशाशी काय बोलायचं याचा विचार असावा.

घोणस आणि फुरसं रक्ताच्या गोठण्यावर घाला घालतात. त्यांची चाचणी कुठल्याही आरोग्य केंद्रात होते: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं ताजं रक्त घ्या, २० मिनिटं हात लावू नका, मग हळूच तिरपी करा. रक्त पातळच वाहिलं तर विष चढलंय. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची नको, कारण काचेला लागूनच रक्त गोठायला सुरुवात होते. साबणाने घासलेलीही नको. दोन रुपयांच्या नळीवरून इतका आग्रह, कारण चुकीच्या नळीने निरोगी रक्तही ‘विषारी’ ठरतं आणि अँटिव्हेनमच्या कुप्या नाहक जातात. आपल्याकडचं अँटिव्हेनम नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकत्र चालतं, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून दवाखान्यात आणायची काही गरज नाही. डॉक्टर सापाला घाबरतात हो.

जाता जाता विंचू: महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून दाखवलं. रक्तदाबाची ही गोळी विंचवावर का? विष अंगातलं ॲड्रेनलिन उसळवतं, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. प्राझोसिन त्या उसळीचा अल्फा रिसेप्टरच अडवतं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

लाखोळीचं वरण आणि गोयाचं चित्र

धान कापायच्या आधी उभ्या पिकात लाखोळी फेकायची, उरलेल्या ओलीवर ती वाढते. याला उतेरा म्हणतात. खत नाही, पाणी नाही, आणि वरण फुकटात. मात्र हिच्यात ओडॅप नावाचं द्रव्य असतं आणि ते मेंदूतल्या ग्लुटामेटची नक्कल करतं. दुष्काळात दुसरं काहीच नसल्यामुळे महिनोन्महिने हीच डाळ पोटात गेली की हे द्रव्य चालण्याचे हुकूम देणाऱ्या मज्जापेशींना उत्तेजित करकरून मारतं. पाय ताठतात, कात्रीसारखे एकमेकांवर येतात. हातोडी मारली की गुडघा जोरात उडतो, पण स्पर्शाची जाणीव शाबूत. सामुदायिक वैद्यकाच्या पुस्तकात पायऱ्या दिल्यात: आधी काठीविना, मग एक काठी, दोन काठ्या, शेवटी रांगणं. इतक्या सरळ नावांच्या पायऱ्या वैद्यकात दुसऱ्या कुठे नसतील.

इंग्रज अधिकारी स्लीमन यांनी सागर जिल्ह्यात १८२९ नंतरच्या नापिकीत तरणीताठी माणसं अशी लुळी पडल्याचं लिहून ठेवलंय. त्याच्याही आधी, नेपोलियनशी चाललेल्या युद्धात माद्रिद उपाशी असताना स्पॅनिश चित्रकार गोयाने याच डाळीच्या कृपेवर एक चित्र कोरलं. त्यात लापशी वाटली जात असताना एक बाई जमिनीवर पडलेली आहे. १९६१ मध्ये आपल्याकडे विक्रीला बंदी आली. तरी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, ताटातून लाखोळी हटली नाही, आणि नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं झुंज दिली. मिश्र जेवणात, गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून देऊन शिजवलेली डाळ आणि उपासमारीत दोन्ही वेळा फक्त तीच, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आता रतन, प्रतीक, महातिवरा अशा कमी ओडॅपच्या जातीही आहेत. दोष डाळीपेक्षा दुष्काळाचा जास्त, असं माझं मत.

पॅथॉलॉजीची खानावळ

पॅथॉलॉजी शिकवणारे भुकेले असावेत. हृदयाची उजवी बाजू थकली की रक्त यकृतात तुंबतं. मधल्या शिरांभोवती गर्द लाल, कडेला फिकट पिवळं, आणि कापलं की थेट जायफळ. प्लीहेच्या पांढऱ्या गाठींत ॲमिलॉइड साचलं तर साबुदाणा. काँगो रेडने रंगवून ध्रुवित प्रकाशात बघितलं की हिरवं सफरचंद. अमिबाने यकृतात केलेल्या गळवाचा पू अँकोव्ही सॉससारखा, असं छापलेलं असतं. हा सॉस झाडीपट्टीत कुणी चाखलाय? पू तपकिरी, घट्ट आणि बिनवासाचा असतो, कारण तो पू नसून विरघळलेलं यकृत असतं. एवढं कळलं की सॉस गेला उडत.

पटकीचे जुलाब मात्र भाताच्या पेजेसारखे, हे धानाच्या मुलखात कुणाला समजावायला नको. पटकीचं विष आतड्याच्या पेशीतला एक स्विच चालूच्या जागी अडकवून ठेवतं. सायक्लिक एएमपी वाढत जातं, क्लोराइड बाहेर, त्यामागे सोडियम, त्यामागे पाणी. पण ग्लुकोज आणि सोडियम हातात हात घालून आत नेणारी वाट पटकीतही सुरू राहते. मीठ-साखरेचं पाणी चालतं ते या वाटेने. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत त्यावर असंख्य जीव वाचवले.

मुंबईची तीन, नागपूरचं एक

१८५८ मध्ये ‘ग्रेज ॲनाटॉमी’ निघालं. त्यातली चित्रं काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलं, पुढे साताऱ्याचे सिव्हिल सर्जनही झाले. अनवाणी शेतकऱ्याच्या पायाला होणारं मदुरा फूट बुरशीमुळे होतं हे सांगणाऱ्यांत ते अग्रभागी. पुस्तकावर नाव ग्रेचं, कार्टर फक्त विद्यार्थ्यांच्या वहीत.

१८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. प्लेगचा जिवाणू रंगवला की दोन्ही टोकं गडद, मधला भाग फिका, म्हणजे हुबेहूब सेफ्टी पिन. हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली.

१९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत असा रक्तगट शोधला की तपासणीत ‘ओ’ दिसतो, पण ‘ओ’ रक्त दिलं तर गोंधळ उडतो. ए आणि बी ज्या एच नावाच्या पायावर उभे राहतात तो पायाच या माणसांत नसतो. ‘ओ’ रक्तावर एच भरपूर, आणि यांच्या अंगात एचविरुद्ध प्रतिपिंडं तयार. बॉम्बे गटाला बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. भारतात साधारण दहा हजारांत एक.

आणि नागपूरचं चांदीपुरा. १९६५ मध्ये या वस्तीतल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या संशोधकांना नवा विषाणू सापडला. रेबीजच्या कुळातला, म्हणून आकार बंदुकीच्या गोळीचा; वाहतूक वाळूमाशीकडे. लहान मुलांना ताप, झटके, बेशुद्धी, सगळं एक-दोन दिवसांत. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात त्याने शंभराहून अधिक मुलं नेली. वाळूमाशी राहते मातीच्या भिंतींच्या भेगांत, म्हणून भिंत लिंपणं हाही प्रतिबंधच.

मण्यांवर मोजलेला श्वास

केशोरीहून हद्द ओलांडली की गडचिरोली. १९८६ मध्ये तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. लहान मुलं न्यूमोनियाने जायची, आणि गावात ना एक्स-रे ना स्टेथोस्कोप. पण न्यूमोनियात फुप्फुस ताठर होतं. ताठर फुप्फुस खोल फुगवणं बाळाला झेपत नाही, म्हणून ते उथळ आणि भराभर श्वास घेतं. वेग हीच खूण. दोन महिन्यांखालच्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षभर ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४०. आकडे सोपे, पण निरक्षर दाईला साठापर्यंत मोजायला कसं लावायचं?

बंगांनी एक साधन बनवलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दहापर्यंत मोजता आलं की झालं. वाळू संपेपर्यंत शेवटचा मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू. गडचिरोलीत गावपातळीवर केलेल्या न्यूमोनियाच्या या कामाचा अहवाल १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि बालमृत्यू घटल्याचं जगाने वाचलं.

बालरोगाच्या प्रॅक्टिकलला हमखास चुकतं ते इथेच. पोरं पंधरा सेकंद मोजतात आणि चाराने गुणतात. तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो. काही क्षण थांबतो, मग भरभर चालतो. गुणाकाराने ती चूक चौपट होते. पूर्ण मिनिट मोजायचं, सदरा वर करून पोटाकडे बघत. बाळ रडत असेल किंवा अंगावर पीत असेल तर मोजणी बाद, आणि ताप चढलेला असेल तर तो उतरवून पुन्हा.